डोमेन ट्रान्सफर वारंवार फेल होत असेल तर: पुन्हा रिक्वेस्ट टाकण्याआधी काय तपासावं

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, नव्या रजिस्ट्रारकडे (नावाची नोंदणी करणारी कंपनी) न्यायचं म्हणून पैसे भरले, जुन्याकडून ट्रान्सफरचा कोड आणला, रिक्वेस्ट टाकली. कधी मिनिटाभरात, कधी पाचव्या दिवशी मेल येतो: ट्रान्सफर फेल झाली, रक्कम तुमच्या खात्यात परत जमा केली आहे. कारण म्हणून एखादी मोघम ओळ असते, कधी तीही नसते. मग तीच रिक्वेस्ट पुन्हा टाकली जाते, पुन्हा तेच उत्तर येतं, आणि तोवर रिन्युअलची तारीख जवळ आलेली असते. छोटे व्यावसायिक, शाळा, पतसंस्था, मंडळं यांच्या डोमेनबाबत हे इतक्या वेळा घडतं की सगळी कारणं एका जागी मांडायला हवीत.

माझं मुख्य म्हणणं असं की फेल झालेली रिक्वेस्ट जशीच्या तशी पुन्हा टाकून काहीही बदलत नाही. नोंदीत जे अडलंय ते आधी मोकळं करायचं, आणि ते करताना नोंदीतल्या मालकाच्या माहितीला हात लावायचा नाही. हा दुसरा भाग लोक सोडून देतात. ट्रान्सफरच्या तयारीत नाव, पत्ता, मेल 'नीट करून घेण्याच्या' नादात दोन महिन्यांचं नवं लॉक लागतं, आणि आधीची अडचण सुटली तरी गाडी पुढे सरकत नाही.

आधी नोंद उघडून बघा

प्रत्येक डोमेनच्या मागे तीन थर असू शकतात. सगळ्यात वर रजिस्ट्री, म्हणजे त्या एक्स्टेन्शनच्या सगळ्या नावांची मूळ नोंद ठेवणारी संस्था: .कॉम आणि .नेटची व्हेरिसाइन, .इनची निक्सी. त्याखाली रजिस्ट्रार, ज्याला रजिस्ट्रीत थेट नोंद करता येते. आणि त्याखाली बऱ्याचदा एक रिसेलर. आपल्याकडे वेबसाइट करून देणारे बहुतेक जण रिसेलर असतात, किंवा रिसेलरकडून घेऊन पुढे देणारे. तुम्ही पैसे ज्यांना देता ते रजिस्ट्रार असतीलच असं नाही, आणि ट्रान्सफर मात्र एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्या रजिस्ट्रारकडेच होते. म्हणून पहिला प्रश्न हा की माझं नाव आज नेमकं कोणत्या रजिस्ट्रारकडे आहे?

उत्तर आयकॅनच्या (डोमेनचे जागतिक नियम ठरवणारी संस्था) लुकअप पानावर मिळतं. .कॉम, .ऑर्गसारख्या जेनेरिक एक्स्टेन्शनसाठी व्हूइज, म्हणजे डोमेनची नोंद दाखवणारी जुनी सेवा, चालवण्याची सक्ती २८ जानेवारी २०२५ रोजी संपली आणि तिची जागा आरडॅप या नव्या पद्धतीने घेतली. त्यामुळे एखाद्या जुन्या व्हूइज साइटवर दिसणारी माहिती शिळी असू शकते. लुकअपमधून रजिस्ट्रारचं नाव, स्टेटसच्या सगळ्या ओळी, नोंदणीची आणि मुदत संपण्याची तारीख, शेवटच्या बदलाची तारीख, नेमसर्व्हर (साइट आणि मेल कुठे आहेत ते सांगणारे सर्व्हर) आणि डीएनएसएसईसी (त्यांच्या उत्तरांवरची डिजिटल सही) चालू आहे की बंद, एवढं लिहून घ्या. पुढचं सगळं या नोंदीवर ठरतं.

रजिस्ट्रारचं नाव अनोळखी दिसलं तर दचकू नका. वेबसाइटवाल्याच्या नावाऐवजी 'पीडीआर लिमिटेड' दिसणं अगदी नेहमीचं आहे. मुंबईच्या डायरेक्टी समूहातून पुढे आलेला हा घाऊक रजिस्ट्रार आहे आणि देशभरातल्या रिसेलरांनी त्याच्यामार्फत नावं विकली आहेत. तसंच, ज्यांनी नाव गूगल डोमेन्सवर घेतलं होतं त्यांना आता स्क्वेअरस्पेस दिसेल, कारण २०२३ मध्ये तो व्यवसाय स्क्वेअरस्पेसने विकत घेतला.

इथेच एक कारण सापडू शकतं, जे कोणी सहसा सांगत नाही. जुना रिसेलर आणि नवा रिसेलर दोघेही एकाच घाऊक रजिस्ट्रारचे निघाले, तर ट्रान्सफर होऊच शकत नाही. रजिस्ट्रीच्या दृष्टीने नाव आधीच तिथे आहे. रिक्वेस्ट कितीही वेळा टाकली तरी ती 'अपात्र' म्हणूनच परत येणार. अशा वेळी त्या रजिस्ट्रारच्या आतल्या आत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नाव हलवायचं असतं. सपोर्टला 'अकाउंट पुश' किंवा 'डोमेन मूव्ह' म्हटलं की त्यांना कळतं. त्याला वर्षाचे पैसे लागत नाहीत आणि पाच दिवस थांबावंही लागत नाही.

स्टेटसच्या ओळी काय सांगतात

'क्लायंट'ने सुरू होणारं स्टेटस रजिस्ट्रारने लावलेलं असतं, 'सर्व्हर'ने सुरू होणारं रजिस्ट्रीने. हा फरक कळला की कोणाच्या मागे लागायचं ते कळतं.

'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' म्हणजे साधं ट्रान्सफर लॉक. चोरीपासून बचावासाठी ते लावलेलंच असावं. ट्रान्सफरच्या वेळी मात्र जुन्या पॅनलमधून ते काढायचं. काढल्यावर पॅनलमधल्या हिरव्या बटणावर विश्वास ठेवू नका, लुकअप पुन्हा उघडून ती ओळ खरोखर गेली का ते बघा. रिसेलरच्या पॅनलमध्ये 'अनलॉक्ड' दिसतंय आणि रजिस्ट्रीत ओळ तशीच आहे, हे नेहमी आढळतं. बऱ्याच ट्रान्सफर केवळ यामुळे मिनिटाभरात परत येतात.

'सर्व्हर ट्रान्सफर प्रोहिबिटेड' असेल तर तुमच्या पॅनलमधून काही होणार नाही. काही रजिस्ट्री नव्या नोंदणीवर सुरुवातीचे दिवस हे स्टेटस ठेवतात. डोमेनवर वाद किंवा कोर्टाचा आदेश असेल तरीही ते लागू शकतं. तारीख बघा, आणि नोंदणी जुनी असेल तर रजिस्ट्रारकडून लेखी कारण मागा.

'पेंडिंग ट्रान्सफर' म्हणजे एक रिक्वेस्ट आधीच चालू आहे. घाईघाईने दुसऱ्या रजिस्ट्रारकडे आणखी एक टाकली असेल तर ती परत येणारच. 'क्लायंट होल्ड' दिसलं तर बहुतेक वेळा मालकाच्या मेलची पडताळणी राहिलेली असते. नोंदणी, ट्रान्सफर किंवा संपर्कात बदल झाल्यावर १५ दिवसांत त्या मेलमधली लिंक दाबली नाही तर रजिस्ट्रार साइट आणि मेल बंद पाडू शकतो. आधी ती पडताळणी पूर्ण करा. 'रिडेम्प्शन पीरियड' आणि 'पेंडिंग डिलीट' यांबद्दल पुढे मुदतीच्या भागात येईल.

काही रजिस्ट्रार नकारासोबत चार आकडी कोड दाखवतात. तो रजिस्ट्रीचा कोड असतो आणि फार उपयोगी असतो. २२०२ म्हणजे ट्रान्सफर कोड चुकला. २३०४ म्हणजे स्टेटस आड येतंय, लॉक बघा. २३०० म्हणजे ट्रान्सफर आधीच चालू आहे. २१०६ म्हणजे नाव ट्रान्सफरला पात्र नाही. आकडा दिसत नसेल तर सपोर्टकडे मागा. 'रजिस्ट्रीकडून आलेला रिस्पॉन्स कोड काय आहे?' एवढं एक वाक्य विचारलं की पाठ केलेली उत्तरं थांबतात आणि कोणीतरी खरंच लॉग उघडतं.

६० दिवसांचं कोडं

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. .कॉमसारख्या नावांना ६० दिवसांची अट तीन वेगवेगळ्या प्रसंगांनी लागू शकते: नवीन नोंदणी झाल्यावर, एकदा ट्रान्सफर झाल्यावर, आणि मालकाच्या माहितीत बदल केल्यावर. पहिल्या दोन सगळ्यांना माहीत असतात. तिसरी १ डिसेंबर २०१६ पासून आली आणि आजही अनेकांना ती ठाऊक नाही. मालकाचं नाव, संस्थेचं नाव किंवा मालकाचा मेल यांपैकी काहीही बदललं की तो 'मालक बदल' धरला जातो आणि ६० दिवस ट्रान्सफर अडवली जाते. मेलमधली स्पेलिंगची चूक दुरुस्त केली तरी बदल तो बदलच.

समजा, रत्नागिरीच्या एका बागायतदाराचं आंबा विक्रीचं .कॉम नाव वेबसाइटवाल्याच्या मेलवर नोंदलेलं आहे. फेब्रुवारीच्या मध्यात ठरतं की हे आपल्या खात्यात घ्यायचं. वेबसाइटवाला भला माणूस आहे, तो म्हणतो, 'आधी तुमचं नाव आणि मेल लावून देतो, मग ट्रान्सफर करा.' वरवर पाहता योग्य वाटतं. पण त्या एका बदलाने लॉक लागतं ते एप्रिलच्या मध्यापर्यंत, म्हणजे पेट्यांच्या ऑर्डरी जोरात चालू होईपर्यंत. मग भर हंगामात डोमेन हलवायचं की पावसाळ्यापर्यंत थांबायचं, एवढाच प्रश्न उरतो.

त्याऐवजी क्रम उलटा ठेवायचा. वेबसाइटवाला सहकार्य करतोय आणि जुना मेल चालू आहे, तर नाव जसं आहे तसंच आधी ट्रान्सफर करायचं. नव्या रजिस्ट्रारकडे फॉर्म भरताना मालकाची माहितीही जुन्या नोंदीत आहे तीच, अक्षर न बदलता भरायची. नाव नव्या खात्यात येऊन बसलं की मग दुरुस्त्या करायच्या. तेव्हा लॉक लागलं तरी बिघडत नाही, कारण पुढचे ६० दिवस ते नाव कुठे न्यायचंच नाहीये.

जुना मेल बंद पडलाय, पासवर्ड कोणाकडे नाही, अशी स्थिती असेल तर बदल टाळता येत नाही. मग बदल सेव्ह करण्याआधी त्या पानावर '६० दिवसांचं लॉक नको' असा टिकमार्कचा पर्याय आहे का ते बघा. काही रजिस्ट्रार तो देतात. पण तो बदलाच्या आधी निवडावा लागतो, लॉक लागून गेल्यावर मागून मिळत नाही. पर्याय नसेल तर मुदत तपासा, गरज असेल तर जुन्याकडेच एक वर्ष वाढवा आणि ६० दिवस शांतपणे जाऊ द्या.

प्रायव्हसी सेवेबद्दलही सावध राहा. काही रजिस्ट्रारांच्या यंत्रणेत प्रायव्हसी चालू-बंद करणं म्हणजे मालकाच्या माहितीत बदल, असं धरलं जातं. गरज नसताना ती बंद करू नका. नवा रजिस्ट्रार स्पष्ट मागत असेल तरच करा, आणि तेही जुन्या रजिस्ट्रारला लॉकबद्दल विचारून.

हे नियम सैल होण्याची चिन्हं आहेत. नोंदणीनंतरचे आणि ट्रान्सफरनंतरचे ६० दिवस ३० वर आणावेत आणि मालक बदलानंतरचं लॉक काढून टाकावं, अशी शिफारस आयकॅनच्या धोरण समितीने केलेली आहे. तुमच्या रजिस्ट्रारच्या पानावर ३० दिवस लिहिलेले दिसेपर्यंत मात्र ६० धरूनच आखणी करा.

कोड बरोबर असूनही 'चुकीचा कोड'

या कोडला कुठे ऑथ कोड म्हणतात, कुठे ईपीपी कोड, कुठे डोमेन सीक्रेट. वस्तू एकच. तो चुकीचा ठरण्याची कारणं बहुधा अगदी क्षुल्लक असतात. कॉपी करताना शेवटी एक मोकळी जागा आली. मेलमध्ये 'अँड'चं चिन्ह वेगळ्याच अक्षरांच्या रूपात छापलं गेलं. कोणीतरी फोनवर कोड सांगितला आणि शून्याचं इंग्रजी 'ओ' झालं. व्हॉट्सअॅपवरून पाठवला आणि त्यातल्या तारका किंवा अधोरेखा फॉरमॅटिंग समजून दिसेनाशा झाल्या. कोड नोटपॅडमध्ये चिकटवून अक्षरं मोजा, आणि शक्य असेल तर थेट पॅनलमधून थेट फॉर्ममध्ये न्या. शिवाय हा कोड ज्याच्या हाती, तो अनलॉक असलेलं नाव घेऊन जाऊ शकतो. तो ग्रुपवर टाकण्याची गोष्ट नाही.

दुसरं कारण म्हणजे शिळा कोड. काही रजिस्ट्रार दर मागणीला नवा कोड बनवतात आणि आधीचा आपोआप रद्द होतो. गेल्या वर्षी मेलमध्ये आलेला कोड आज चालेल असं गृहीत धरू नका. दोन जणांनी एकाच दिवशी कोड मागितला तर पहिल्याच्या हातातला निकामी झालेला असतो.

पॅनलमध्ये कोड मिळण्याची सोय नसेल तर मालकाने मागितल्यापासून ५ दिवसांच्या आत तो देणं आयकॅनच्या करारातल्या रजिस्ट्रारला बंधनकारक आहे. लॉक काढण्यालाही हीच मुदत आहे. मागणी लेखी करा, तारीख राहते.

पाचव्या दिवशी फेल होणं

ट्रान्सफर लगेच न फेटाळता चार-पाच दिवसांनी फेल झाली, तर लॉक आणि कोड ठीक होते. अडथळा जुन्या रजिस्ट्रारच्या बाजूला आला. रिक्वेस्ट आल्यावर त्याला ५ दिवस मिळतात. त्या काळात त्याच्याकडून मालकाला एक मेल जातो: तुमचं डोमेन दुसरीकडे जातंय, हरकत असेल तर कळवा. काही न केल्यास ५ दिवसांनी ट्रान्सफर आपोआप पूर्ण होते.

आता हा मेल कोण वाचतं ते बघा. संस्थेच्या नोंदीत अनेकदा ऑफिसचा सामाईक मेल असतो. तिथल्या माणसाला ट्रान्सफरची कल्पना नसते, 'तुमचं डोमेन हलवलं जात आहे' हे वाचून त्याला फसवणूक वाटते आणि तो 'रद्द करा' वर क्लिक करतो. त्याच्या जागी त्याने योग्यच केलं. म्हणून रिक्वेस्ट टाकण्याआधी मेल बघणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा की या आठवड्यात असा मेल येईल, त्यावर फक्त मंजुरी द्यायची किंवा काहीच करायचं नाही. नोंदीतला मेल रिसेलरचा असेल तर त्यालाही फोन करा. रिसेलरच्या पॅनलमधूनही नकार देता येतो.

मुदत संपत आलेली किंवा संपलेली

मुदत संपायला पंधरा दिवस उरलेले असताना ट्रान्सफर सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे. एकदा फेल झाली की सुधारायला वेळच उरत नाही. ऑटो रिन्यू आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मॅन्डेट नियमांमुळे परदेशी रजिस्ट्रारकडे साठवलेल्या भारतीय कार्डावरची आपोआप वसुली बऱ्याचदा होत नाही आणि त्याचा मेल स्पॅममध्ये पडून राहतो.

मुदत नुकतीच संपली असेल तरीही .कॉम नाव हलवता येतं, फक्त वर्षाचा हिशेब लक्षात घ्या. समजा मुदत १० जूनला संपली. २० जूनला जुन्या रजिस्ट्रारला एका वर्षाचे पैसे दिले, आणि ५ जुलैला ट्रान्सफर केली. मुदतीनंतरच्या ४५ दिवसांत ट्रान्सफर झाली तर रजिस्ट्री ते वाढवलेलं वर्ष काढून घेते आणि जुन्या रजिस्ट्रारचे पैसे त्याला परत करते. तुमच्या हाती फक्त ट्रान्सफरचं एक वर्ष राहतं. पैसे दोन वर्षांचे गेले, नाव वाढलं एकाच वर्षाने. २५ जुलै उलटू दिली असती तर दोन्ही वर्षं मिळाली असती. हा नियम माहीत नसल्याने लोक नव्या रजिस्ट्रारशी भांडत बसतात, आणि वर्ष खरं तर त्याने घेतलेलंच नसतं.

'रिडेम्प्शन पीरियड' लागला की ट्रान्सफरचा रस्ता बंद. ते ३० दिवस असतात, त्यात जुन्या रजिस्ट्रारकडूनच जादा शुल्क भरून नाव सोडवून घ्यावं लागतं. त्यानंतरचे ५ दिवस 'पेंडिंग डिलीट'चे. त्या टप्प्यात कोणालाही काही करता येत नाही, नाव मोकळं होईपर्यंत थांबणं एवढंच हाती असतं. अगदी उलट टोकाला, आधीच बरीच वर्षं पुढची भरलेली असतील तर लक्षात ठेवा की एकूण मुदत १० वर्षांपलीकडे जात नाही.

'आमचे पैसे बाकी आहेत, सोडणार नाही'

हे वाक्य अनेकांनी ऐकलेलं आहे. वेबसाइटचं बिल, होस्टिंगचं बिल, एसईओचं बिल, आणि ओलीस ठेवलेलं डोमेन. नियम काय म्हणतो ते नीट समजून घ्या, कारण धमकी आणि अधिकार यांत मोठं अंतर आहे.

रजिस्ट्रारला ट्रान्सफर नाकारता येते ती ठरावीक कारणांसाठी: फसवणुकीचा पुरावा, मालक कोण याबद्दल रास्त वाद, मुदत संपून गेलेल्या नावाच्या आधीच्या कालावधीचे पैसेच न मिळणं, मालकाची स्वतःची हरकत, ६० दिवसांची अट, यूडीआरपीसारखी (डोमेनच्या ट्रेडमार्क वादांची आयकॅनची प्रक्रिया) चालू कारवाई किंवा कोर्टाचा आदेश. पुढच्या वर्षाचे पैसे भरले नाहीत हे कारण चालत नाही. आणि सर्वात महत्त्वाचं: तुम्ही नोंदणीचे पैसे दिलेले असताना रिसेलरने ते रजिस्ट्रारला दिले नाहीत, हे कारणही चालत नाही. रिसेलर गायब झाला, धंदा बंद केला, फोन उचलत नाही, तर थेट रजिस्ट्रारला लिहा. त्याचा संपर्क लुकअपच्या नोंदीत असतो. सोबत पावती, ओळखपत्र, संस्थेचं नोंदणीपत्र जोडा. तरीही कोड किंवा अनलॉक मिळालं नाही तर आयकॅनच्या संकेतस्थळावर ट्रान्सफरच्या तक्रारीचा फॉर्म आहे. लेखी मागणीच्या तारखा इथे कामी येतात.

पण हा सगळा जोर नोंदीतल्या मालकाचा आहे. नोंदीत मालक म्हणून वेबसाइटवाल्याचं नाव असेल तर नियमांच्या दृष्टीने मालक तोच. बिलं तुम्ही भरली असली तरी आयकॅनची तक्रार त्यात फार काही करत नाही. तिथे बोलणी, लेखी संमती किंवा वकील, एवढेच मार्ग राहतात. यूडीआरपी किंवा .इनसाठीची आयएनडीआरपी ट्रेडमार्क आणि वाईट हेतूच्या प्रकरणांसाठी आहे, साध्या बिलाच्या भांडणासाठी नाही. ज्यांचं डोमेन आज कसलाही वाद नसताना दुसऱ्याच्या नावावर आहे, त्यांनी संबंध चांगले आहेत तोवरच ते आपल्या नावावर करून घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

.इन आणि .भारत

देशांच्या एक्स्टेन्शनवर आयकॅनची ट्रान्सफर पॉलिसी लागू होत नाही. .इन, .को.इन, .ऑर्ग.इन यांचे नियम निक्सीचे. कोड लागतो, लॉक काढावं लागतं, ही चौकट ओळखीचीच आहे, पण मुदतीनंतरच्या वर्षाचा हिशेब वगैरे .कॉमसारखाच असेल असं समजू नका. तक्रारही आयकॅनकडे नाही, आधी रजिस्ट्रारकडे आणि मग .इन रजिस्ट्रीकडे. नवा रजिस्ट्रार .इनसाठी निक्सीची मान्यता असलेला हवा. परदेशातल्या एखाद्या स्वस्त रजिस्ट्रारकडे .कॉम नेता येतं पण त्याच व्यवसायाचं .इन तिथे घेतच नाहीत, असं होतं. दोन्ही नावं एकत्र ठेवायची असतील तर हे आधी विचारा.

२०१४ पासून मिळू लागलेल्या देवनागरी .भारत नावांसाठी रजिस्ट्रार आणखी कमी आहेत. ट्रान्सफरच्या फॉर्ममध्ये मराठीत टाइप केलेलं नाव 'अवैध' म्हणून परत आलं, तर त्याचं प्युनीकोड रूप वापरा, म्हणजे 'एक्सएन' आणि दोन जोडरेघांनी सुरू होणारं रोमन रूप. ते जुन्या पॅनलमध्ये किंवा लुकअपमध्ये मिळतं.

ट्रान्सफर झाली, पण साइट आणि मेल बंद

याला मी ट्रान्सफर फेल होण्यापेक्षा मोठी अडचण मानतो. फेल झाली तर पैसे परत येतात. इथे ग्राहकांचे मेल वाया जातात.

ट्रान्सफरमध्ये नाव हलतं, नेमसर्व्हर सहसा जुनेच राहतात. गोंधळ तेव्हा होतो जेव्हा ते नेमसर्व्हर जुन्या रजिस्ट्रारच्या मोफत डीएनएस सेवेचे (नावावरून साइट-मेलचा पत्ता सांगणारी यंत्रणा) असतात. नाव बाहेर गेलं की तिथला झोन, म्हणजे त्या नावाच्या सगळ्या डीएनएस रेकॉर्डचा संच, काही रजिस्ट्रार लगेच, काही थोड्या दिवसांनी पुसतात. आज सगळं चालतंय आणि आठवड्याने अचानक साइट, मेल दोन्ही बंद, याचं कारण बहुतेक हेच.

म्हणून डीएनएस आधी हलवा, नाव नंतर. नव्या डीएनएस सेवेत झोन तयार करा आणि जुन्या पॅनलमधून एकूणएक रेकॉर्ड उतरवा. बाहेरून शोधून रेकॉर्ड गोळा करू नका, कारण डीकेआयएमसारखी रेकॉर्डं कोणत्या नावाखाली आहेत हे बाहेरून कळत नाही. तीच राहून जातात, आणि मग तुमचे मेल गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जाऊ लागतात. एमएक्स (मेल कुठे पोचवायचा ते सांगणारं), एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (ही तिन्ही मेल खरा असल्याची खूण), सबडोमेन, गूगलच्या पडताळणीची टीएक्सटी रेकॉर्डं, सगळी. जुन्या रजिस्ट्रारची मेल फॉरवर्डिंग किंवा यूआरएल रीडायरेक्ट वापरत असाल तर त्या रेकॉर्डमध्ये दिसतही नाहीत, वेगळ्या उभ्या कराव्या लागतात. मग नेमसर्व्हर बदला. .कॉमच्या रजिस्ट्रीत नेमसर्व्हरच्या नोंदी ४८ तासांपर्यंत कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) राहतात, तेवढा काळ दोन्हीकडचे झोन सारखे आणि चालू ठेवा. दोन-तीन दिवस सगळं सुरळीत दिसलं की ट्रान्सफर टाका. क्लाउडफ्लेअरकडे नाव न्यायचं असेल तर हा क्रम सक्तीचाच आहे. डीएनएस तिथे चालू झाल्याशिवाय ते ट्रान्सफर घेत नाहीत.

दुसरं कारण डीएनएसएसईसी. याची लक्षणं फसवी असतात: एकाला साइट दिसते, दुसऱ्याला दिसत नाही, घरच्या वायफायवर बंद आणि मोबाइल डेटावर चालू. रजिस्ट्रीत जुन्या सह्यांचं डीएस रेकॉर्ड (सही ओळखण्याची खूण) राहिलेलं असतं आणि नव्या डीएनएसच्या सह्या त्याच्याशी जुळत नाहीत. जे रिझॉल्व्हर (तुमच्यासाठी नाव शोधून देणारे सर्व्हर) सह्या तपासतात ते उत्तर नाकारतात, जे तपासत नाहीत ते देतात. ओळखायची रीत सोपी आहे. डिग या डीएनएस तपासण्याच्या कमांडने ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या रिझॉल्व्हरला, विचारा. 'सर्व्हफेल' (सर्व्हरला उत्तर देता आलं नाही) आलं, आणि तपासणी बंद करणाऱ्या 'सीडी' पर्यायासह विचारल्यावर बरोबर उत्तर आलं, तर दोष डीएनएसएसईसीचाच. नव्या रजिस्ट्रारकडून जुनं डीएस रेकॉर्ड काढून घ्या. .कॉममध्ये ते २४ तासांपर्यंत कॅशमध्ये राहतं, तेवढा वेळ त्रास सोसावा लागतो. आधीच माहीत असेल तर ट्रान्सफरपूर्वी, नेमसर्व्हर बदलण्याच्याही आधी, डीएस काढून पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा आणि सगळं स्थिरावल्यावर नव्या ठिकाणी डीएनएसएसईसी पुन्हा चालू करावं.

नाव नव्या खात्यात आलं की लुकअपमध्ये रजिस्ट्रार बदलला का, .कॉमची मुदत एका वर्षाने वाढली का, नेमसर्व्हर तेच आहेत का हे बघा. पडताळणीचा मेल आला असेल तर त्यातली लिंक त्याच दिवशी दाबा. ट्रान्सफर लॉक परत लावा, खात्याला द्विस्तरीय सुरक्षा द्या, आणि मालकाच्या नोंदीतला मेल त्याच डोमेनवरचा नसेल असा ठेवा, कारण डोमेन बंद पडलं तर त्या डोमेनवरचा मेलही बंद पडतो आणि ते सोडवण्याची लिंक नेमकी तिथेच गेलेली असते. जुनं होस्टिंग मात्र साइट आणि मेलबॉक्स दोन्ही नव्या जागी चालू असल्याची खात्री होईपर्यंत रद्द करू नका. डोमेन हलल्याने होस्टिंगवरच्या फाइली आणि मेल हलत नाहीत, त्या वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतात.